सारथ्याची पोस्त

दौंडाहून एका वाचकभगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. पत्र लांब आहे. परंतु त्यांतील गोष्ट आमच्या वाचकांपैकीं अनेक घरांत या ना त्या रूपानें घडत असेल, म्हणून ती येथें घेतों. घर एकत्र कुटुंबाचें. सासूसासरे, दोघे मुलगे, दोघी सुना आणि तीन नातवंडें. येत्या मे महिन्यांत सर्वांनीं मिळून युरोपची दहा दिवसांची सहल करावयाची असें ठरलें, पैसे भरले, पारपत्रें तयार झालीं, चिवडा किती आणि लाडू किती हेंही ठरलें. इतक्यांत सहल काढणाऱ्या मंडळींकडून सूचनांचा एक कागद आला. त्याच्या शेवटल्या ओळींत असें लिहिलेलें आढळलें कीं, बसचा चालक, स्थानिक गाइड आणि सहलीबरोबर राहणारा टूर मॅनेजर यांच्याकरितां माणशीं दररोज तीन युरो 'टिप' म्हणून प्रवाशांनीं द्यावयाचे आहेत. नऊ माणसें, दहा दिवस. हिशेब दोनशें सत्तर युरोंचा झाला, म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून अधिक.

पत्रलेखिकेचे मामंजी रेल्वेंतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनीं कागद वाचला, चष्मा काढून त्यावर ठेवला आणि सांगितलें, "ठरल्या पैशाबाहेर एक पै मिळणार नाहीं. चौतीस वर्षें मीं गाड्या काढल्या; रात्रीं दोन वाजतां काढल्या, भर पावसांत काढल्या. एका उतारूनें मला कधीं चार आणे दिले नाहींत, आणि दिले असते तर मीं ते घेतले नसते. ज्या कामाचा पगार मिळतो त्याबद्दल बक्षीस कसलें?" धाकट्या भावजींचें म्हणणें असें कीं, सगळे देतात तर आपणही द्यावें, परक्या मुलखांत उगीच शोभा नको. सासूबाईंनीं एवढेंच विचारलें कीं, हे पैसे त्या ड्रायव्हरलाच मिळतात हें कशावरून? "गुरुजी, यांत खरें काय तें आपण लिहा," असें शेवटीं लिहून बाई पुढें म्हणतात, "मामंजी आपलें सदर नेमानें वाचतात."

हें शेवटचें वाक्य वाचून आम्ही जरा सांवरून बसलों. ज्यांच्याविरुद्ध निकाल मागितला आहे तेच निकालपत्र वाचणार असले म्हणजे लिहिणाराची लेखणी आपोआप नीट चालते. शिवाय मामंजींचा प्रश्न हा कंजूषाचा प्रश्न नव्हे. कंजूष मनुष्य "परवडत नाहीं" म्हणतो. मामंजी "कां" असें विचारतात. आणि कां विचारणाराला उत्तर देणें हाच आमचा छत्तीस वर्षें धंदा होता.

प्रथम शब्द पाहूं. 'बक्षीस' हा शब्द आपल्याकडे फारशींतून आला. देणगी हा त्याचा अर्थ. देणारा वर आणि घेणारा खालीं, हें चित्र त्या शब्दांतच आहे. आपल्या घरांत दुसरा एक शब्द होता, तो आतां मागें पडत चालला आहे: 'पोस्त'. दिवाळीला टपालवाला, रात्रीचा गुरखा, दूध घालणारा हे दारीं येऊन "पोस्त द्या" म्हणत, आणि त्या म्हणण्यांत याचना नसे. वर्षाचा राहिलेला हप्ता मागावा तसा तो सूर असे. जर्मन लोकांचा शब्द 'ट्रिंकगेल्ट', म्हणजे पिण्याचे पैसे. फ्रेंचांच्या 'पुर्ब्वार' या शब्दाचाही अर्थ पिण्याकरितां असाच. रशियन मनुष्य चहाकरितां देतो. आणि आपण चहापाणी म्हणतों. (आपल्याकडे हा शब्द कचेऱ्यांनीं बाटविला, तो भाग निराळा.) 'टिप' हा शब्द इंग्रजी तीन शब्दांच्या आद्याक्षरांपासून झाला असें सहलींत कोणीतरी हटकून सांगतो. ती व्युत्पत्ति मागाहून जुळविलेली आहे. आमच्या वर्गांतील मुलेंही परीक्षेंत तशा व्युत्पत्ति लावीत आणि आम्ही त्यांस शून्य देत असूं.

परदेशची सहल नवी. वाटाड्याला द्यावें किती हा वाद मात्र नवा नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीचे लोक काशीस किंवा त्र्यंबकेश्वरीं जात, तेव्हां क्षेत्रोपाध्ये वही घेऊन पुढें येत, खापरपणज्याचें नांव वाचून दाखवीत, उतरण्याची सोय करीत, घाट दाखवीत, आणि निघतेवेळीं दक्षिणा विचारली तर "यथाशक्ति" म्हणत. या एका शब्दानें यात्रेचें निम्में सुख जाई. नवरा एक रक्कम मनांत धरी, बायको दुसरी, आणि परतीच्या गाडींत अहमदनगरपर्यंत त्यावर बोलणें होई. आम्ही लहान असतां दौंडकडून सिद्धटेकास जावयाचें म्हणजे शिरापूरच्या बाजूनें भीमा होडींतून ओलांडावी लागे. आतां पूल झाला आहे. आमची आई नावाड्याला उतराईचे पैसे देई, आणि दर्शन घेऊन परततांना नारळाची एक कवड आणि थोडे पैसे निराळे त्याच्या हातावर ठेवी. उतराई वडिलांच्या खिशांतून येई व दुसरे पैसे तिच्या कनवटीचे असत. त्या दोन खिशांतील भेद त्या वयांत आम्हांस कळला नाहीं.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या घरांनीं विसरूं नये. आपण केवळ देणाऱ्यांच्या कुळांतले नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले ते मथुरेस बायजाबाई शिंदे यांचा यज्ञ होणार आणि तेथें दक्षिणा मिळेल म्हणून. वाटेंत बंडांत सांपडले, लुटले गेले, आणि त्यामुळें मराठीला 'माझा प्रवास' हें पुस्तक १९०७ सालीं मिळालें. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांचा रमणा भरे, तेथें श्रावणांत दक्षिणेकरितां ब्राह्मण दूरदुरून येत. त्याच दक्षिणेच्या पैशांतून पुढें १८२१ सालीं पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. तेव्हां हात पुढें करून उभें राहणाराला काय वाटतें हें आपणांस पुस्तकांतून शिकावयास नको.

आतां सहलीकडे वळूं. मराठी माणसानें घोळक्यानें परदेश पाहावा, बरोबर मराठी बोलणारा माणूस असावा आणि संध्याकाळीं वरणभात मिळावा, ही सोय गेल्या चाळीस वर्षांतली. केसरी पाटील यांनीं १९८४ सालीं 'केसरी टूर्स' काढली, वीणा पाटील यांनीं २०१३ सालीं 'वीणा वर्ल्ड'. आणि आतां तालुक्यातालुक्यांतून सहलींच्या जाहिराती लागतात. आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती २०२३ सालच्या मे महिन्यांत अशाच एका सहलींतून पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली असे दहा दिवस फिरून आलों. कोणत्या मंडळींबरोबर गेलों तें सांगण्याचें कारण नाहीं. त्यांचा यांत कांहीं दोष नव्हता. दोष ज्याचा होता तो पुढें येईल.

बेचाळीस प्रवासी होतों. टूर मॅनेजर म्हणजे सातारकडील सव्वीस वर्षांची एक मुलगी. ती सर्वांच्या आधीं उठे, सर्वांच्या शेवटीं जेवी, आणि मधल्या वेळांत हरवलेले चष्मे शोधी. गाइड मंडळी शहरापुरतीं. रोममध्यें एक बाई अडीच तास आमच्याबरोबर चालल्या, कानांत घालावयाच्या यंत्रांतून बोलल्या, आणि रस्त्याच्या एका कोपऱ्यावर नमस्कार करून गेल्या. त्यांना द्यावयाचें कीं नाहीं याची कुजबूज होईपर्यंत त्या दिसेनाशा झाल्या. तिसरा चालक. हा चेक देशाचा, पन्नाशीचा गृहस्थ. त्याचें नांव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून बायका त्यास 'दादा' म्हणूं लागल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून तोही त्या हाकेस वळून पाहूं लागला.

या दादाचें काम काय तें हिशेबानें सांगतों, कारण मामंजींना हिशेब पटेल. बेचाळीस माणसांच्या बेचाळीस मोठ्या बॅगा. त्यांत मेतकूट, लोणचें, आणि एका कुटुंबानें तर कुकर आणला होता. एक बॅग वीस किलो धरली तरी आठशें चाळीस किलो, म्हणजे आठ क्विंटल चाळीस. ज्या दिवशीं मुक्काम बदले त्या दिवशीं सकाळीं तेवढें ओझें बसच्या पोटांत भरावयाचें आणि संध्याकाळीं उतरावयाचें. आमच्या शिरूरच्या बाजारांत कांद्याचीं पोतीं चढविलीं-उतरविलीं तर त्याची हमाली दर पोत्यामागें ठरलेली असते. हमालाला ती कोणाच्या तोंडाकडे पाहून मागावी लागत नाहीं. ती तशी ठरावी म्हणून पुण्यास डॉ. बाबा आढावांना हमाल पंचायत उभी करावी लागली आणि महाराष्ट्रांत १९६९ सालीं माथाडी-हमालांचा कायदा व्हावा लागला. १८७८ सालीं मनमाडचा फांटा निघाल्यापासून जंक्शन झालेल्या दौंडांत राहणाराला हमालाची मजुरी म्हणजे काय तें आम्हीं सांगावें असें नाहीं.

ओझ्याहून अवघड गोष्ट वेळेची. युरोपांत बस चालविणाराच्या तासांचा कायदा कडक आहे. साडेचार तास चालविलें कीं पाऊण तास थांबलेंच पाहिजे. दिवसाला नऊ तास, आठवड्यांतून फार तर दोन दिवस दहा तास. आणि एरवीं रात्रींची विश्रांति अकरा तासांची. हें सर्व बसमधील एका यंत्रांत आपोआप नोंदलें जातें, पोलीस रस्त्यांत थांबवून ती नोंद पाहतात, आणि चूक निघाली तर दंड होतो. आम्हांस हें पहिल्या दिवशींच सांगितलें होतें. तरी लुसर्न येथें घड्याळें पाहतां पाहतां आमच्यापैकीं दोन कुटुंबें चाळीस मिनिटें उशिरां आलीं. (विकत घेतलें एकानें, तेंही भिंतीवरचें.) आम्हांस त्या चाळीस मिनिटांत दुसरें आइसक्रीम खातां आलें. दादा मात्र दाराशीं उभा राहून एकदां घड्याळाकडे आणि एकदां रस्त्याकडे पाहत होता. मुक्कामावर पोंचलों तेव्हां त्याच्या त्या दिवसाच्या तासांतलीं अकरा मिनिटें उरलीं होतीं. हें त्यानें नव्हे, त्या सातारच्या मुलीनें मागाहून सांगितलें. स्टेशनमास्तरांना या अकरा मिनिटांचा अर्थ आमच्याहून अधिक कळेल.

आतां आमची गोष्ट. आठव्या रात्रीं त्या मुलीनें प्रत्येक कुटुंबाला एक पाकीट दिलें. ठरलेली रक्कम आंत घालावी आणि पाकीट बंद करून द्यावें. वर नांव घालण्याची जरूर नाहीं. सौभाग्यवती शेजारच्या खोलींत बोलावयास गेल्या होत्या. आम्ही चष्मा लावून हिशेबास बसलों. दोघांचे दहा दिवसांचे साठ युरो. त्या वेळीं युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे पांच हजार चारशें रुपये. आधींच आठ दिवस आमच्या डोक्यांत हा नव्वदाचा पाढा चालला होता. कॉफीचे साडेतीनशें. मोरीला जाऊन येण्याचे नव्वद. आणि तेथें बसलेल्या बाईस एक नाणें कमी देण्याचा विचार कोणाच्याही मनांत येत नाहीं, कारण तेथें दार नाणें घेतल्याशिवाय उघडत नाहीं. आम्हीं तरुणपणीं न्यायशास्त्र थोडें वाचलें आहे. त्याचा उपयोग त्या रात्रीं झाला. चालकाला पगार आहे; गाइडला पगार आहे; मुलीला पगार आहे; ज्याला पगार आहे त्याला न दिल्यानें हानि नाहीं; म्हणून अर्धे दिले तरी तें औदार्यच. तीस युरो आंत घातले, पाकीट चिकटविलें आणि स्वस्थ झोंप लागली.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं सौभाग्यवती पाण्याची बाटली आणावयास बसच्या मागल्या बाजूस गेल्या, तेव्हां ती मुलगी शेवटच्या बांकावर पाकिटें फोडून नोटा मोजीत होती. तिनें दोनदां मोजल्या. मग आपली पर्स उघडली, तींतून कांहीं नोटा काढून त्यांत मिळविल्या आणि सर्व एका लिफाफ्यांत घालून चालकाकडे गेली. परतीच्या विमानांत सौभाग्यवतींनीं ही हकीकत आम्हांस मोठ्या कौतुकानें सांगितली. "कोणीतरी कमी घातले असणार हो. पोरीनें आपले घातले." आम्हीं खिडकीचें झांकण वर केलें आणि बाहेरचा अंधार पाहत राहिलों.

शिरूरास आल्यावर आठ दिवसांनीं आम्हीं त्या मुलीच्या नांवें सत्तावीसशें रुपये नातवाकरवीं पाठविले आणि 'आमच्या हिशेबांत चूक झाली होती' असें कळविलें. तिचा दूरध्वनि आला. घरांतून त्या वेळीं रामलिंगाच्या दर्शनास गेल्या होत्या. ती हंसून म्हणाली, "काका, तुमच्या एकट्याचें नव्हतें. सहा पाकिटें कमी होतीं." आम्हीं विचारलें, मग तुम्ही कां भरतां? ती म्हणाली कीं, हाच ड्रायव्हर पुढल्या गटाला घेऊन जातो. ठरलेली रक्कम त्याच्या हातांत पडली नाहीं तर राग तो पुढल्या बेचाळीस माणसांवर काढील, किंवा काढणार नाहीं, परंतु मला त्याच्या शेजारीं दहा दिवस बसावयाचें असतें. आणि तिच्या वांट्याचे? "तेच त्यांत जातात काका." इतकें बोलून तिनें आमच्या पाठदुखीची चौकशी केली.

ही हकीकत आमच्या घरांत आज हें सदर छापून आल्यावरच प्रथम कळेल. त्याचें काय व्हावयाचें तें होवो.

मामंजींच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर या गोष्टींत आहे. न दिलेली टिप हवेंत विरून जात नाहीं. ती कोणाच्या तरी खिशांतून जाते, आणि तो खिसा बहुधा सर्वांत लहान असतो. गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मनाला क्लेश होत असतां दिलेलें तें मधलें, आणि तुच्छतेनें फेंकलेलें तें सर्वांत खालचें. आम्हीं आपलें पाकीट कोणत्या प्रकारांत बसतें हें पुष्कळ दिवस ताडून पाहिलें, आणि मग लक्षांत आलें कीं तें दान नव्हतेंच. ओळ कागदावर होती, कागद वाचून आम्हीं पैसे भरले होते. तें देणें होतें. आणि देण्यांत सात्त्विक-राजस असा भेद नाहीं, तें फिटतें किंवा राहतें.

मग मामंजींचें म्हणणें चुकीचें काय? मुळींच नाहीं, फक्त तें ज्याला सांगावयाचें तो मनुष्य निराळा. ही रक्कम सहलीच्या किमतींतच कां धरीत नाहीं, असें त्यांनीं सहल काढणाऱ्यांना खडसावून विचारावें. कित्येक मंडळी आतां ती आधींच किमतीबरोबर घेतात, आणि आमच्या मतें तेंच नीट आहे. जाहिरातींतील आंकडा लहान दिसावा म्हणून शेवटल्या ओळींत जें ढकललें जातें त्याबद्दल भांडण करावयाचें तर तें पैसे भरण्यापूर्वीं, पुण्याच्या कचेरींत, पंख्याखालीं बसून करावें. मिलानच्या वाहनतळावर, ज्याला आपली भाषा कळत नाहीं अशा माणसाशीं करूं नये. आणि सासूबाईंनीं विचारलें तें तर याहूनही योग्य: पैसे पोंचतात कशावरून? ब्रिटनमध्यें टिपेचे पैसे मालकानें स्वतः न ठेवतां सर्वच्या सर्व कामगारांत न्याय्य रीतीनें वांटले पाहिजेत असा कायदा २०२३ सालीं झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागूं झाला. म्हणजे सासूबाईंची शंका तिकडच्या पार्लमेंटासही आली होती. आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें हॉटेलांना बजावलें कीं, सेवाशुल्क बिलांत आपोआप घालूं नका.

"पगार मिळतो त्याला बक्षीस कसलें" हें तत्त्व सर्व देशांत सारखें लागत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत ज्यांना टिपा मिळतात अशा नोकरांना मालकानें द्यावयाचा किमान रोख पगार केंद्राच्या कायद्यानें ताशीं दोन डॉलर तेरा सेंट आहे, आणि तो १९९१ पासून हललेला नाहीं. इतरांचा सव्वासात डॉलर. कित्येक राज्यांनीं तो वाढविला आहे, परंतु जेथें नाहीं तेथें टिप म्हणजे पगारच, फक्त तो मालकाऐवजीं गिऱ्हाइकाकडून येतो. उलट फ्रान्समध्यें आणि स्वित्झर्लंडमध्यें खाणावळींत सेवेचे पैसे किमतींतच असतात; तेथें उरलेलीं दोन नाणीं ताटलींत ठेवलीं तरी पुरे, नाहीं ठेवलीं तरी कोणी रागावत नाहीं. आणि जपानांत टिप देऊं गेलें तर मनुष्य संकोचून पैसे परत करावयास मागें धांवत येतो. स्टेशनमास्तरांना जपान फार आवडेल. तेथील गाड्याही वेळेवर सुटतात.

राहिला त्यांचा स्वतःचा दाखला. त्यांनीं चार आणे घेतले नाहींत हें खरें आणि भूषणावह. आम्हांसही वाटे कीं आम्हीं कधीं कोणाचें घेतलें नाहीं. तसें येथें लिहूनही टाकलें होतें. मग आठवलें आणि खोडलें. पौष-माघांत शाळेंतील मुलांचे बाप हुरड्याला बोलावीत. दौंडकडील एका विद्यार्थ्याच्या गुऱ्हाळावरून दर वर्षीं काकवीचा डबा आणि गुळाची ढेप येई. निवृत्त झालों त्या वर्षीं एका मेंढपाळाच्या मुलानें घोंगडी आणून दिली, ती अजून आमच्या अंगावर असते. आम्हांस पगार होता. तरी घेतलें, आणि घेतांना कमीपणा वाटला नाहीं, उलट आठ दिवस वर्गांत आवाज मोठा निघाला. स्टेशनमास्तरांनाही त्या चौतीस वर्षांत कोणी शेतकऱ्यानें गाडी चुकूं दिली नाहीं म्हणून भुईमुगाच्या शेंगांचें गांठोडें खोलीबाहेर ठेवलें नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं. नसलें तर त्यांनीं तसें कळवावें. आम्ही पुढल्या महिन्यांत दुरुस्ति छापूं. शिवाय त्यांना आणि आम्हांस निवृत्तिवेतन आहे, महागाईभत्ता आहे. तो दादा साठाव्या वर्षीं आठ क्विंटल उचलूं शकणार नाहीं, तेव्हां त्याला काय आहे हें त्याला विचारण्याइतकी भाषा आमच्यापाशीं नव्हती.

आतां पत्रलेखिका भगिनींस व्यवहाराच्या दोनचार गोष्टी. निघण्यापूर्वीं कंपनीला लेखी विचारा कीं तीन युरोंत कोण कोण आलें. गाइड त्यांत आला असेल तर त्यास निराळें देण्याचें कारण नाहीं, कोणी फार मनापासून बोललें तर द्यावें. ही रक्कम घरींच निराळ्या पाकिटांत काढून ठेवा आणि तिचा नव्वदानें किंवा शंभरानें गुणाकार पुन्हां करूं नका. नोटा सुट्या असाव्या. ज्या देशांतून बाहेर पडलों तेथील उरलेलीं नाणीं चालकाच्या हातांत ओतण्याची रीत आमच्या बसमध्यें दिसली. परदेशीं नाणीं बदलून घेणारा सहसा मिळत नाहीं, तेव्हां तें देणें म्हणजे आपली अडगळ देणें होय. उरलेला फरसाणही टिप नव्हे. त्याला आवडला तर अवश्य द्या. आमच्या दादाला बाकरवडी आवडे, लसणीच्या चटणीनें मात्र डोळ्यांत पाणी आलें. ठरलेल्याहून अधिक द्यावेंसें वाटलें तर तें एकगठ्ठा लिफाफ्यांत न घालतां हातांत द्यावें, आणि तेंही बॅगा उतरविण्यापूर्वीं. नंतर सर्वांचे डोळे आपापल्या बॅगांवर असतात. नातवंडांना त्या देशचा 'धन्यवाद' आणि चालकाच्या भाषेंतील 'धन्यवाद' असे दोन शब्द शिकवून ठेवा.

आणि मुंबईच्या विमानतळावरून रात्रीं तुम्हांस दौंडास आणणारा जो मोटारवाला असेल त्याचेही पैसे त्याच वेळीं काढून ठेवा. आमचें विमान तीन तास उशिरां आलें. आम्हांस शिरूरास नेणारा मुलगा तितका वेळ बाहेर उभा होता, आणि तो आमच्याच सातवीच्या वर्गांत बसलेला होता. युरोपांतील पाकिटाच्या विचारांत आम्हीं त्याला ठरलेलें भाडें दिलें आणि "जपून जा रे" एवढेंच म्हटलें. त्यालाही वाकून नमस्कार केल्यावांचून गाडी वळवितां आली नाहीं.

शेवटीं स्टेशनमास्तरांस एक विनंति. घरांतील वडील माणूस आपण आहांत, तेव्हां कुटुंबाचें पाकीट आपण द्यावें. मुलांकरवीं किंवा त्या मॅनेजर मुलीकरवीं नको. आपल्या बसचा चालक तिच्या तासांच्या यंत्राकडे कसा पाहतो तें पहिल्या दिवसापासून लक्ष देऊन पाहावें, आणि मग शेवटच्या दिवशीं पाकिटांत किती घालावयाचे तें आपणच ठरवावें. जूनमध्यें परत आल्यावर आम्हांस चार ओळी लिहाव्या. आपण लिहिलें तर छापूं.